उजेडाचा जमाखर्च

माझी सारी नोकरी बँकेतल्या खतावण्यांत गेली. त्यामुळेच असेल, एडवर्ड बर्न-जोन्स या इंग्रज चित्रकाराची मला पहिली ओढ वाटली ती त्याच्या हिशेबवह्यांमुळे. चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी तो चित्रे काढी, त्यांचा मोबदला वहीत मांडी आणि शेजारी पैसे किती तुटपुंजे आहेत याची थट्टेखोर तक्रारही नोंदवी. मानधनावरून घरात कुरकुर करणाऱ्या माझ्यासारख्या लेखकाला हा माणूस लगेच आपला वाटला.

त्याचा जन्म १८३३चा, बर्मिंगहॅमचा. आठवड्याच्या आतच आई गेली. वडील दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी करून देत. मुलगा पाद्री व्हायला ऑक्सफर्डला गेला. तिथे विल्यम मॉरिस भेटला आणि १८५५ साली दोघांनीही धर्मसेवेचा बेत सोडून कलेची वाट धरली. १८६० साली त्याने जॉर्जियानाशी लग्न केले. आपल्या मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग हा तिच्या बहिणीचा मुलगा.

१८६१ मध्ये मॉरिस आणि मित्रांनी कंपनी काढली, त्यात हाही भागीदार होता. बर्न-जोन्स बहुधा रंगाविना आराखडा काढी. कुठे कोणत्या रंगाची काच हे मॉरिस ठरवी. कारागीर काचा कापत, त्यांवर चेहरे रंगवून भट्टीत भाजत आणि शिशाच्या पट्ट्यांनी जोडत. नाव एकाचे, हात अनेकांचे.

ज्या सेंट फिलिप्समध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला होता, तिथेच १८८५पासून त्याच्या चार भव्य खिडक्या बसल्या. चौथी, अंतिम न्यायाची, बसली १८९७ साली. मॉरिस आदल्याच वर्षी गेला होता. पुढच्या जूनमध्ये बर्न-जोन्सही गेला.

दुसऱ्या महायुद्धात शहरातल्या लोकांनी त्या काचा वेळीच उतरवून सुरक्षित जागी हलवल्या. नोव्हेंबर १९४०मध्ये चर्चवर बॉम्ब पडले, आग लागली. काचा मात्र वाचल्या. १९४८ साली त्या पुन्हा जागेवर आल्या.

वहीत त्याने कुरकुर केली खरी, पण हात कधी आखडता घेतला नाही. आईविना वाढलेल्या पोराने आपल्या गावाला उजेड दिला आणि गावाने तो जिवापाड जपला. इतकी वर्षे हिशेब तपासले, पण ही नोंद कोणत्या रकान्यात घालावी, ते मला अजून सुचलेले नाही.