रेनकोटाचा जनक : चार्ल्स मॅकिंटॉश

पावसाळ्याच्या तोंडावर कपाटातून रेनकोट बाहेर काढताना तो प्रथम कोणी घडविला, हा विचार सहसा मनात येत नाही. इंग्लंडमध्ये ज्याच्या नावानेच रेनकोट ओळखला जाऊ लागला, तो चार्ल्स मॅकिंटॉश ना शिंपी होता, ना विणकर. तो होता रसायनांचा कारखानदार. आणि त्याची कीर्ती उभी राहिली ती गॅस कारखान्यातील टाकाऊ पदार्थावर.

मॅकिंटॉशचा जन्म २९ डिसेंबर १७६६ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. वडील जॉर्ज हे शैवाकापासून, म्हणजे आपल्या दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून, जांभळट रंग तयार करीत. चार्ल्सने काही काळ एका पेढीत कारकुनी केली. पण त्याचे मन रसायनशास्त्रात रमले. एडिंबरो येथे जोसेफ ब्लॅक या नामवंत शास्त्रज्ञाची व्याख्याने त्याने ऐकली आणि विशी गाठण्यापूर्वीच नोकरी सोडून नवसागराचे उत्पादन सुरू केले. १७९७ मध्ये त्याने स्कॉटलंडमधील पहिला तुरटीचा कारखाना काढला. चार्ल्स टेनंट याच्या नावे १७९९ मध्ये पेटंट झालेल्या विरंजक चूर्णाच्या संशोधनातही त्याचा वाटा होता.

रंगासाठी अमोनिया हवा, म्हणून त्याने ग्लासगोच्या गॅस कारखान्याशी टाकाऊ द्रव्य उचलण्याचा करार केला. त्यासोबत डांबरही येई. या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळते, हे त्याने हेरले. हे द्रावण कापडावर लावायचे, वर दुसरे कापड ठेवून दाबायचे, की मधल्या थरातून पाणी पाझरत नाही. १८२३ मध्ये त्याला या कृतीचे पेटंट मिळाले. पुढे मँचेस्टर येथे कारखाना निघाला.

या यशाला एक वादाची किनारही आहे. नॅफ्थ्याचा हा गुण जेम्स साइम या वैद्यकीय विद्यार्थ्याने आधीच प्रसिद्ध केला होता. साइम पुढे शल्यचिकित्सक म्हणून नावाजला. मात्र त्याने पेटंट घेतले नव्हते. द्रावण साइमने शोधले, तर दोन कापडांची युक्ती मॅकिंटॉशने व्यवहारात आणली, असेच म्हणावे लागेल.

अडचणीही कमी नव्हत्या. थंडीत कापड ताठर होई, उन्हात चिकट; शिवाय वास उग्र. लोकरीतील नैसर्गिक तेलाने रबर खराब होई. सर्वांत मोठी अडचण होती शिंप्याच्या सुईची. कापड जलरोधक असले, तरी शिवणीच्या छिद्रांतून पाणी आत शिरे. आज घरच्या घरी जाकिटाला मेण चोळून ते उष्णतेने मुरविणाऱ्यांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शिवणी बंद केल्या नाहीत, तर बाकीची मेहनत वाया जाते.

रबरावर गंधकाची प्रक्रिया करून त्याचा चिकटपणा घालविण्याची युक्ती अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने व इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉकने साधली. हॅनकॉक हा मॅकिंटॉशचाच भागीदार. मात्र, त्याची ही प्रक्रिया बाजारात रुजण्यापूर्वीच, २५ जुलै १८४३ रोजी, मॅकिंटॉशचे निधन झाले. ज्या निर्दोष कोटाने त्याचे नाव घरोघरी पोहोचविले, तो पाहण्याचे भाग्य त्याला लाभले नाही. इंग्रजीत त्या कोटाच्या नावात पुढे एक जादा अक्षर शिरले आणि तेच रूढ झाले.