आईने दिलेली शिदोरी

आजचं वाचन: स्तोत्रसंहिता 27

या स्तोत्राचं 10 वं वचन वाचलं की पंडिता रमाबाई आठवतात. आई-बाप नसलेल्याला कोण जवळ घेतं, हा प्रश्न त्यांनी खूप लहान वयात सोसला.

रमाचा जन्म 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं होतं. पुढे पैसा संपला आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराण सांगत हिंडू लागलं. घर नाही, शाळा नाही. पण आई पहाटे, कामाला लागायच्या आधी, रमाला कुशीत घेऊन जागं करायची आणि धडा सुरू व्हायचा. बाराव्या वर्षापर्यंत तिला पुराणांतले 18,000 श्लोक पाठ होते.

मग दुष्काळ आला. झाडपाला खायची वेळ आली. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. आईला खांदा द्यायला माणसं पुरेनात, तेव्हा रमा पुढे झाली. उंची कमी म्हणून तिने तिरडीचा भार डोक्यावर घेतला.

भाऊ श्रीनिवाससोबत पायी फिरत ती 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचली. आईने पहाटे शिकवलेलं संस्कृत ऐकून तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पण 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पतीही. वयाची 24 वर्षंही पुरी झाली नव्हती आणि पदरात छोटी मनोरमा.

दुःखाने विश्वास वाढतो, असं आपण सहज बोलून जातो. रमाबाईंचं तसं झालं नाही. उपास आणि नवस करूनही घर भुकेने गेलं, तेव्हा त्यांची श्रद्धा डळमळली. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तरी त्या प्रश्न विचारतच राहिल्या. प्रश्न विचारत विचारतच त्या ख्रिस्ताच्या जवळ गेल्या.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. 1896 चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांना केडगावच्या ‘मुक्ती’त जेवण मिळालं, अक्षरं मिळाली, हाताला काम मिळालं.

शेवटची बरीच वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणण्याला दिली, गावातल्या साध्या बाईलाही कळावं म्हणून. मुक्तीतल्या बायकांनीच ते छापलं. 1921 मध्ये मनोरमाही गेली. तरी भाषांतर पुरं करूनच, 5 एप्रिल 1922 ला, रमाबाईंनी डोळे मिटले.

तुमच्यापैकी कुणी फीचं कर्ज डोक्यावर घेऊन शिकत असेल, कुणाचे आई किंवा बाबा आज नसतील. त्यांनी शिकवलेली एक तरी गोष्ट आज आठवा आणि ती कुणाला तरी शिकवा.

प्रार्थना: प्रभू, आमचे प्रश्न तुझ्यापुढे मांडायला आम्हाला भिऊ देऊ नकोस. आम्हाला मिळालेली शिदोरी आमच्यापाशीच राहू देऊ नकोस. आमेन.