संत जेरोम : मूळ शब्दाचा शोध घेणारे शास्त्री

पवित्र शास्त्राचा अर्थ कसा लावावा ह्याविषयी संतांमध्येही तीव्र मतभेद झाले आहेत. संत जेरोम आणि संत ऑगस्टीन ह्यांच्यातील पत्रव्यवहार हे त्याचे ठळक उदाहरण होय.

इ. स. ३४७ च्या सुमारास स्ट्रिडोन येथे जन्मलेल्या जेरोम ह्यांचे शिक्षण रोममध्ये झाले. पुढे सिरियाच्या वाळवंटात तपाचरण करीत असताना ख्रिस्ती झालेल्या एका यहुद्याकडून ते हिब्रू शिकले. ३८२ मध्ये ते रोमला आले. पोप दमासस ह्यांनी लॅटिन शुभवर्तमानांच्या शुद्धीकरणाचे कार्य त्यांच्यावर सोपविले. ३८४ मध्ये पोपमहोदय निवर्तले. जेरोम ह्यांच्या तिखट लेखणीने अनेकजण दुखावले होते, त्यामुळे त्यांना रोम सोडावे लागले. ३८६ पासून बेथलेहेम हीच त्यांची कर्मभूमी झाली. रोमन विधवा संत पावला ह्यांनी स्वतःच्या संपत्तीतून तेथे मठ उभारले.

तेथे जेरोम ह्यांनी जुना करार थेट हिब्रूतून लॅटिनमध्ये आणण्यास प्रारंभ केला. तोवर ख्रिस्तसभेत सेप्टुअजिंट ह्या ग्रीक भाषांतरालाच मान होता. ते पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने झाले अशी अनेकांची श्रद्धा होती. जेरोम ह्यांच्या मते मात्र संदेष्टा वेगळा आणि भाषांतरकार वेगळा.

हिप्पोचे महागुरू ऑगस्टीन ह्यांना चिंता होती ती भाविकांची. ग्रीक व लॅटिन ख्रिस्तसभांची वाचने भिन्न झाली तर ऐक्याला तडा जाईल, असे त्यांना वाटे. ४०३ च्या पत्रात त्यांनी ओइआ (आजचे त्रिपोली) येथील घटना कळविली. योनाच्या पुस्तकातील भोपळ्याच्या वेलाऐवजी नव्या भाषांतरातील आयव्हीचा वेल ऐकताच तेथील श्रद्धावंत खवळले आणि महागुरूंवर माघार घेण्याची पाळी आली.

दुसरा वाद अधिक गंभीर होता. अंत्युखियात पौलाने पेत्राची केलेली कानउघाडणी हा दोघांनी ठरवून केलेला देखावा होता, असा अर्थ जेरोम ह्यांनी ओरिजेनचे अनुसरण करून लावला होता. तसे असेल तर गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात असत्य शिरते आणि मग शास्त्राच्या कोणत्या वचनावर विसंबावे, असा ऑगस्टीन ह्यांचा आक्षेप होता. ४१५ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात जेरोम ह्यांनी ऑगस्टीन ह्यांचाच अर्थ ग्राह्य धरल्याचे दिसते. उलट ऑगस्टीन ह्यांनीही उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक ह्या दोन्ही पाठांमागे एकच आत्मा असल्याचे मान्य केले.

तोबीत, यहुदीथ आदी ग्रंथ हिब्रू संग्रहात नसल्यामुळे जेरोम त्यांना समान दर्जा देत नसत, तरीही ह्या दोहोंचे भाषांतर त्यांनी केले. ख्रिस्तसभेने मात्र हे ग्रंथ स्वीकारले. १५४६ मध्ये ट्रेंट परिषदेने त्यांना पवित्र शास्त्राचा भाग ठरविले आणि व्हल्गेट भाषांतर अधिकृत मानले.

४२० च्या सुमारास बेथलेहेम येथे जेरोम ह्यांचे देहावसान झाले. ३० सप्टेंबर हा त्यांचा सण. मूळ शब्दाचा अभ्यास आणि ख्रिस्तसभेची परंपरा ह्या दोहोंची गरज १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही अधोरेखित केली. बायबल उघडताना ह्या दोन्ही संतांचे ऋण आपण स्मरावे.