प्लेगच्या साथीत इंदूरचा एका दिवसाचा महाराजा झालेला स्कॉटिश प्राध्यापक

प्लेग आला की वस्त्या पाडायच्या, हा त्या काळचा सरकारी खाक्या. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं तेच केलं. घर गेलेली माणसं शेजारच्या चाळींत कोंबली गेली.

पॅट्रिक गेडिस यांना हे मान्य नव्हतं. मूळचे वनस्पतीशास्त्रज्ञ, पण नाद नगररचनेचा. १९१४ मध्ये ते भारतात आले, त्यांचं प्रदर्शन घेऊन येणारं जहाज मात्र जर्मन एम्डेननं बुडवलं. १९१७ मध्ये मुलगा महायुद्धात गेला, पाठोपाठ पत्नी ॲना इथंच वारली.

त्याच सुमारास होळकरांनी इंदूरच्या आराखड्यासाठी त्यांना बोलावलं. शहरात प्लेग होता. नकाशा घेऊन गल्लीबोळ फिरणारा हा म्हातारा साहेबच प्लेग आणतो, अशी बोलवा उठली. आता मोजमाप करायचं कसं?

गेडिसनी तुकोजीराव महाराजांकडं चक्क एका दिवसाचं राज्य मागितलं. मग जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही, ज्या गल्ल्या सगळ्यात स्वच्छ तिथूनच जाईल. झालं, अख्खं इंदूर झाडू घेऊन बाहेर पडलं! मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर होता. शेवटी दोघांनाही जाळलं.

साथ ओसरली. त्यात ऋतूचाही हात असणार, पण साहेबाबद्दलची भीती गेली. १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल आला. त्यात सरसकट पाडापाडी नव्हती. मोजकीच घरं हलवून हवा-उजेड आणायचा, जुन्या विहिरी-तलाव राखायचे.

पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठानं त्यांच्या हाती समाजशास्त्र विभाग सोपवला. गो. स. घुर्ये तिथलेच विद्यार्थी.