बागायतदार पंडिता

दौंडच्या डेमूने कॉलेजला अप-डाऊन करत असाल, तर केडगाव स्टेशन तुमच्या डोळ्यांखालून शेकडो वेळा गेलं असेल. शिरूरकडचे असाल तर न्हावरेमार्गे चौफुल्याला येताना गावाच्या नावाची पाटी पाहिली असेल. इथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचं, हे आपल्याला स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांमुळे पाठ असतं. जोड्या लावा, एक मार्क, पुढचा प्रश्न. पण रमाबाईंनी केडगावात सुमारे शंभर एकर जमीन घेतली, ती आधी आश्रम बांधायला नव्हे. ती घेतली फळबाग लावायला!

संस्कृतच्या एका विदुषीला बागायतीचं वेड कुठून लागलं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांना संस्कृत शिकवायचं नाही, असा तो काळ आणि शास्त्रीबुवांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांचा विरोध झाला, तेव्हा गंगामूळच्या रानात जाऊन घर केलं. पुढे पैसा संपला आणि अख्खं कुटुंब तीर्थक्षेत्रांमधून पुराण सांगत फिरू लागलं. रमाबाईंची शाळा म्हणजे ही पायपीट आणि आईची शिकवणी. त्यात दुष्काळ आला. अकरा दिवस हे कुटुंब पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर जगलं. आई, वडील, मोठी बहीण, तिघंही काही महिन्यांत गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. म्हणजे आपण अकरावीत असतो तेवढ्या. ही भूक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतरचा प्रवास सुपरफास्ट आहे. भावाबरोबर चालत चालत १८७८ मध्ये कलकत्ता, तिथल्या विद्वानांकडून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या. भावाचा मृत्यू. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न, मुलगी मनोरमा आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज. १८८३ मध्ये इंग्लंड, तिथे ख्रिस्ती धर्माचा स्वीकार. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभासाठी अमेरिका. हे सगळं अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, बरं का!

अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या परिस्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगावी भाषणं केली. बॉस्टनमध्ये १८८७ साली त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली आणि तिने दहा वर्षं पैसे पाठवायचं कबूल केलं. त्या पैशांवर ११ मार्च १८८९ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींमधल्या गोदूबाई म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई, आपल्या ‘बाया कर्वे’. सदन नंतर पुण्यात आलं. १८९३ मध्ये तिथे धर्मांतर होतंय, असा गदारोळ उठला. ‘केसरी’ने झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. टीका करणाऱ्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मला वाटत नाही. मुली काही मुद्दे घेऊन त्या घरात आल्या नव्हत्या, निवारा शोधत आल्या होत्या. पण काढून नेलेल्या मुलींच्या शिक्षणाचं पुढे काय, हा प्रश्न त्या भांडणात मागेच पडला.

आता आकडेमोड करा. दहा वर्षांचं वचन १८९८च्या सुमारास संपणार. पुण्यातले लोक दुरावलेले. अशा वेळी संस्था चालवणारा माणूस काय करेल? पुन्हा परदेशात हात पसरेल. रमाबाईंनी केडगावात जमीन बघितली. फळझाडं लावायची, फळं विकायची आणि त्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा साधा हिशेब. शेतकऱ्याघरच्या मुलांना यातली मेख लगेच कळेल. आंबा काय, संत्रं काय, कलम लावलं की लगेच फळ हातात येत नाही, काही वर्षं नुसतं पाणी घालत बसावं लागतं. म्हणूनच पैसे थांबायच्या आधी, वेळेत झाडं लावणं भाग होतं. जागाही रेल्वेलाइनवरची, म्हणजे माल पुण्या-मुंबईकडे पाठवायला सोयीची. आज यालाच आपण बिझनेस प्लॅन म्हणतो.

प्लॅन मोडला तो १८९६च्या दुष्काळाने. मध्य प्रांतात माणसं मरताहेत हे कळल्यावर रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सोळाव्या वर्षी जे भोगलं, तेच समोर. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. नेमकी तेव्हाच पुण्यात प्लेगची साथ आली आणि इतक्या जणींना शहरात ठेवायला सरकारने मनाई केली. मग एकच जागा उरली. फळबाग! बागेच्या जमिनीवर तंबू पडले, झोपड्या उभ्या राहिल्या. प्लेगच्या सरकारी छावणीत बायकांचे हाल होतात, असं पत्र त्यांनी याच काळात वर्तमानपत्राला लिहिलं आणि त्याचा आवाज थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला.

१९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि केडगावातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. कल्पना करा, अवर्षणाचा भाग, त्यात विहिरी आटत आलेल्या आणि पाणी प्यायला दोन हजार तोंडं. झाडांना घालायचं की माणसांना? नवीन विहिरी खोदल्या गेल्या. बागेच्या उत्पन्नावर एवढा संसार चालणं शक्यच नव्हतं, देणग्या घ्याव्याच लागल्या. पण स्वतःच्या कमाईचा हट्ट सुटला नाही. शेती होतीच, शिवाय गाईगुरं, तेलघाणा, विणकाम, छापखाना. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जायचं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं बायकाच करायच्या.

याच छापखान्यासाठी रमाबाईंनी शेवटची कित्येक वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. साध्या म्हणजे मुक्तीतल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बाईला कळेल अशा. मनोरमा सगळं सांभाळेल असं वाटत असतानाच १९२१ मध्ये ती गेली. आईने ५ एप्रिल १९२२ला केडगावातच प्राण सोडला. वय चौसष्टला काही दिवस कमी. १९८९ मध्ये त्यांच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं.