विश्लेषण : जर्मन सैनिकांच्या ‘त्या’ हेल्मेटमागे एक सर्जन कसा? संग्राहक अस्सल-नकली कसे ओळखतात?

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिक म्हटला की कानांवरून मानेपर्यंत उतरलेले पोलादी हेल्मेट डोळ्यांसमोर येते. युद्धपटांनी ते घराघरांत पोहोचवले. जगभरातील संग्राहक आजही अस्सल हेल्मेटसाठी मोठी रक्कम मोजतात आणि म्हणूनच नकली मालही भरपूर विकला जातो. मात्र हा आकार नाझींनी शोधलेला नाही. तो पहिल्या महायुद्धातला आहे आणि त्याच्या मुळाशी आहेत ऑगुस्ट बीर नावाचे डॉक्टर. सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, ती भूल रुजवणारे हेच बीर.

कोण होते ऑगुस्ट बीर?

बीर यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६१ रोजी जर्मनीतील हेल्सन या गावी झाला. कील येथे सर्जन म्हणून काम करताना ऑगस्ट १८९८ मध्ये त्यांनी मणक्यातील द्रवात कोकेन टोचून एका रुग्णावर शस्त्रक्रिया केली. काही दिवसांनी त्यांनी स्वतःवरच प्रयोग करवून घेतला. पण सिरिंज आणि सुई एकमेकांत नीट बसेना, औषध जाण्याऐवजी मणक्यातला द्रवच वाहून गेला. मग त्यांचे सहायक हिल्डेब्रांट पुढे झाले. त्यांच्या पायाला भूल चढल्यावर बीर यांनी नडगीवर हातोडा मारून पाहिला, पेटत्या सिगारचा चटकाही दिला. हिल्डेब्रांट यांना काही जाणवले नाही! त्या रात्री दोघांनी वाइनसह जेवण केले. नंतर मात्र बीर यांना डोकेदुखीने अनेक दिवस अंथरुणावर खिळवले. मणक्यात सुई टोचल्यानंतर होणाऱ्या डोकेदुखीच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक.

१९०७ मध्ये ते बर्लिनला प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी हात किंवा पाय आवळपट्टीने बांधून शिरेतून भूल देण्याची पद्धत त्यांनी मांडली. ती आजही ‘बीर ब्लॉक’ म्हणून ओळखली जाते.

कवटीतले तुकडे

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा जर्मन सैनिकाच्या डोक्यावर ‘पिकेलहाउबे’ होती. वर टोक असलेली, उकळून कडक केलेल्या चामड्याची ही टोपी संचलनात रुबाबदार दिसायची. खंदकात तिचा काही उपयोग नव्हता. सल्लागार सर्जन म्हणून फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या बीर यांच्यासमोर डोक्याला जखम झालेले सैनिक येऊ लागले. त्यांच्या लक्षात आले की यातल्या बहुतेक जखमा गोळीच्या नाहीत. तोफगोळा फुटल्यावर उडणारे लहान लहान तुकडे कवटीत घुसत होते. माणूस बाहेरून धडधाकट दिसे, पण आत मेंदूला इजा झालेली असे. शस्त्रक्रियेनंतरही अशांपैकी अनेक जण हाती लागत नसत किंवा कायमचे अपंग होत.

१९१५ मध्ये बीर यांनी हे फ्रीडरिश श्वेर्ड यांना सांगितले. श्वेर्ड हॅनोवरच्या तंत्रशिक्षण संस्थेतील अभियांत्रिकीचे प्राध्यापक. इथे प्रश्न वैद्यकाचा राहिला नाही, पोलादाचा झाला. रायफलची गोळी अडवायची तर पत्रा इतका जाड हवा की मान मोडेल. पण हलक्या तुकड्यांचा वेग हवेत पटकन कमी होतो. ते अडवायला जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे कडक पोलाद पुरते, फक्त ते कपाळ, कानशिले आणि मान झाकणारे हवे. मध्ययुगीन ‘सॅलेट’ शिरस्त्राणाशी जुळणारा आकार असा ठरला. मिश्र पोलाद इतके कडक होते की पत्रा तापवून साच्यात दाबावा लागे. त्यामुळे ब्रिटिशांच्या थाळीसारख्या हेल्मेटपेक्षा हे महाग पडत असे.

नोव्हेंबर १९१५ मध्ये कुमर्सडॉर्फ येथे चाचण्या झाल्या. १९१६ च्या सुरुवातीला व्हर्दूनच्या लढाईत हेल्मेट सैनिकांच्या डोक्यावर आले आणि डोक्याच्या गंभीर जखमा झपाट्याने घटल्या.

मॉडेल कसे ओळखतात?

संग्राहकांचे काम इथून सुरू होते. १९१६ च्या हेल्मेटला दोन्ही बाजूंना शिंगांसारखे ठळक खुंट असतात. त्यावर कपाळासाठी जादा जाड पत्रा अडकवता येई. ते पोकळ असल्याने हवाही खेळायची. १९३५ मध्ये हेल्मेट आटोपशीर झाले, या कामातही श्वेर्ड होते. खुंट गेले, त्या जागी छोटी छिद्रे आली.

‘एम ३५’मध्ये या छिद्रात धातूची वेगळी नळी बसवलेली असते. ‘एम ४०’मध्ये ती नाही, छिद्राभोवतीचा उंचवटा पत्र्यातूनच दाबून काढलेला असतो. ‘एम ४२’ ओळखणे सर्वांत सोपे : कडा आत दुमडलेली नसते, बोटाला सरळ धार लागते. युद्ध लांबले तसा कारखान्यातला एकेक टप्पा कसा कापला गेला, ते या तीन कडांवरून कळते.

आतल्या बाजूला कारखान्याचा ठसा आणि आकड्यात माप असते. ‘ईटी’ म्हणजे थाले येथील कारखाना, ‘क्यू’ म्हणजे क्विस्ट. ६४ हा आकडा कवचाचे माप सांगतो, डोक्याचे नव्हे. आतील चामडी अस्तर तीन स्प्लिट पिनांनी धरलेले असते. या पिना पूर्वी काढलेल्या दिसल्या की जाणकार सावध होतात.

खरी फसवणूक होते ती बाजूच्या बोधचिन्हात. तिरंगी ढालीचे चिन्ह १९४० मध्ये, तर गरुडाचे १९४३ मध्ये बंद झाले. तरीही चिन्ह असले की किंमत वाढते, म्हणून साध्या हेल्मेटवर ते नव्याने चिकटवले जाते. मूळ आहे कवच, खोटे आहे चिन्ह, आणि पैसे मोजले जातात चिन्हाचेच.

नाझी राजवट आणि बीर

१९३७ मध्ये हिटलरने जर्मन नागरिकांना नोबेल घेण्यास मनाई करून स्वतःचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. पहिल्याच वर्षी तो सर्जन फर्डिनांड झाउअरब्रुख यांच्यासह बीर यांना विभागून मिळाला आणि बीर यांनी तो स्वीकारला. तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले, निवृत्त होते. सैनिकांची डोकी वाचवणाऱ्या डॉक्टरच्या चरित्रातील हे पान टाळता येत नाही.

निवृत्तीनंतर त्यांचा बहुतेक वेळ सावेन येथील जंगलात जाई. १९१२ मध्ये घेतलेल्या या रुक्ष पाइनवनात त्यांनी रुंद पानांची झाडे लावून मिश्र जंगल उभे केले. तिथेच १२ मार्च १९४९ रोजी त्यांचे निधन झाले. श्वेर्ड १९५३ मध्ये गेले.

१९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराने केव्हलारचे नवे हेल्मेट आणले. तेही कान आणि मान झाकणारे होते. त्याचा आकार पाहून सैनिकांनी त्याला नाव दिले ‘फ्रिट्झ’.