विश्लेषण : मीठ सत्याग्रहाच्या वर्षी निवडणूक लढवून मंत्री झाले… पंजाबराव देशमुखांच्या १९३०च्या निर्णयाने वऱ्हाडाला काय दिले?

अकोटमधले श्री शिवाजी महाविद्यालय असो किंवा बियाण्याच्या पिशवीवरची ‘पीकेव्ही’ ही तीन अक्षरे, दोन्हींचा माग काढत गेले की एकच नाव समोर येते : डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख. देशाचे कृषिमंत्री आणि शिक्षणमहर्षी म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. मात्र त्यांच्या राजकारणाचा पाया दिल्लीत घातला गेला नव्हता. तो अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलात आणि नागपूरच्या विधिमंडळात घातला गेला. त्यासाठी त्यांनी १९३० साली घेतलेला निर्णय त्या काळात अनेकांना रुचणारा नव्हता. तो निर्णय काय होता आणि त्यातून काय निघाले, त्याविषयी…

पंजाबराव कोण होते?

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. वडील शामराव, आई राधाबाई. शाळा गावोगावी बदलत गेली. पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा आणि मग अमरावतीचे हिंद हायस्कूल. मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले.

१९२० मध्ये ते विलायतेला निघाले. घरची शेती गहाण पडली ती याच शिक्षणापायी. एडिनबरा विद्यापीठातून एम.ए., लंडनहून बॅरिस्टरी आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन ते १९२६ मध्ये परतले. प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. ज्या समाजात वेद ऐकण्याचाही अधिकार जातीवर ठरत होता, तिथला कुणब्याचा मुलगा वेदांवर डॉक्टरेट मिळवून आला होता. पुढच्या लढ्यांत ही विद्या त्यांच्या कामी आली.

राजकारणाची सुरुवात कशी झाली?

अमरावतीत त्यांनी वकिली सुरू केली, पण लवकरच त्यांचा वेळ सार्वजनिक कामात जाऊ लागला. १९२७ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता-जेवता यावे म्हणून श्रद्धानंद छात्रालय काढले. शेतकरी संघाची उभारणी केली. नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. या विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

त्याच सुमारास अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली होती. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. पंजाबराव या चळवळीच्या आघाडीवर होते. मते मागायची असलेल्या तरुण पुढाऱ्यासाठी ही जोखीम होती, कारण तेव्हाचा मतदार मुख्यतः जमीनदार, सावकार आणि सधन शेतकरी होता. मंदिरप्रवेशाची बाजू घेणे म्हणजे यातल्या मोठ्या वर्गाची नाराजी ओढवून घेणे होते.

जिल्हा कौन्सिलात काय केले?

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आजच्या जिल्हा परिषदेचे हे जुने रूप. कौन्सिलच्या हाती शाळा, रस्ते, विहिरी आणि दवाखाने असत. पंजाबरावांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले आणि त्याचा खर्च भागवण्यासाठी करात वाढ केली.

निवडून आलेल्या माणसाने कर वाढवणे तेव्हाही सोपे नव्हते. पण शाळेसाठी पैसा लागतो आणि तो कुठून तरी आणावा लागतो, हे त्यांनी लोकांसमोर उघडपणे मांडले. पुढच्या निवडणुकीत त्यांच्याकडे दाखवायला हेच काम होते.

१९३०ची निवडणूक नेमकी कशासाठी होती?

तेव्हा वऱ्हाड ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ या प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. १९१९च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली होती. अर्थ, पोलीस, जमीन महसूल ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या हाती राहिली. शिक्षण, शेती, सहकार, आरोग्य अशी ‘सोपीव’ खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे आली. म्हणजे मंत्र्याकडे काम होते, पण तिजोरीची किल्ली नव्हती.

मतदानाचा हक्कही सर्वांना नव्हता. ठरावीक शेतसारा किंवा कर भरणाऱ्यांनाच मत देता येई. भूमिहीन मजूर, लहान शेतकरी, बहुतेक स्त्रिया या यादीबाहेर होत्या.

वऱ्हाडची आणखी एक गंमत होती. कागदोपत्री हा मुलूख हैदराबादच्या निजामाचा होता. इंग्रजांनी १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला होता. त्यामुळे इथून निवडून आलेल्या सदस्यांची नंतर रीतसर नेमणूक करावी लागे आणि मगच ते विधिमंडळात बसत.

मग वाद कशाचा होता?

वाद वेळेचा होता. एप्रिल १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. वऱ्हाडला समुद्र नाही, म्हणून अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. खारपाण पट्ट्यातले जे पाणी शेतकऱ्याला नकोसे, तेच आंदोलनाचे हत्यार झाले. जुलैमध्ये पुसदला बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला. नेते तुरुंगात जात होते आणि काँग्रेसने विधिमंडळांवर बहिष्कार टाकला होता.

अशा वर्षी पंजाबरावांनी निवडणूक लढवली, ते निवडून आले आणि शिक्षण, कृषी व सहकार खात्यांचे मंत्री झाले. सत्याग्रहींच्या नजरेतून पाहिले तर हे परक्या सरकारच्या चौकटीत जाऊन बसणे होते, आणि तो आक्षेप बिनबुडाचा नव्हता.

दुसरी बाजूही तितकीच खरी होती. जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले होते. पेरणीच्या आधी सावकाराकडून रुपयांत घेतलेले कर्ज तेवढेच राहिले, पण ते फेडण्यासाठी आता कितीतरी जास्त कापूस विकावा लागत होता. व्याज थकले की शेत जाई. स्वातंत्र्य मिळेपर्यंत ही जमीन शेतकऱ्याकडे उरेल का, हा प्रश्न गावोगावी होता. पंजाबरावांचे राजकारण याच प्रश्नाभोवती होते. त्यांची ताकद पक्षात नव्हती, ती शेतकरी संघात आणि जिल्हा कौन्सिलच्या कामात होती.

मंत्रिपदातून काय साधले?

सर्वांत ठळक काम कर्जलवाद कायद्याचे. मध्य प्रांतात १९३३ मध्ये हा कायदा झाला आणि देशात या प्रकारच्या सुरुवातीच्या कायद्यांमध्ये त्याची गणना होते. त्याची पद्धत साधी होती. कर्जदार आणि सावकार या दोघांना लवाद मंडळापुढे बोलवायचे, मुद्दल आणि व्याजाचा हिशेब मांडायचा, शेतकऱ्याला झेपेल अशी रक्कम आणि हप्ते ठरवायचे. तडजोड झाली की ती बंधनकारक. सावकाराने वाजवी तडजोड नाकारली तर पुढे न्यायालयात त्याचीच अडचण होई.

कर्ज सरसकट माफ करण्याचा हा मार्ग नव्हता. घेतलेले फेडावे, पण त्यापायी जमीन जाऊ नये, असा त्यामागचा विचार होता.

१९३२ मध्ये त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयकही मांडले. देवस्थानांकडे साठलेला पैसा लोकांच्या कामी यावा, असा त्याचा रोख होता. अंबादेवीच्या दारात सुरू झालेला प्रश्न अशा रीतीने विधिमंडळात पोहोचला.

१९३३ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. जेमतेम तीन वर्षांचा हा काळ. पण याच सुमारास उभी राहिलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था मात्र टिकली आणि वाढत गेली. मंत्र्याच्या एका सहीने शाळा मंजूर होते, पण ती चालवायला संस्था लागते, हे त्यांनी ओळखले होते.

दिल्लीत त्यांनी काय केले?

पंजाबराव संविधान सभेचे सदस्य होते. तिथे त्यांनी मागास समाजांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत वाटा मिळावा, अशी बाजू लावून धरली. स्वातंत्र्यानंतर ते काँग्रेसच्या तिकिटावर १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही लोकसभा निवडणुका अमरावती भागातून जिंकले. ज्या पक्षाच्या बहिष्काराच्या काळात ते मंत्री झाले होते, त्याच पक्षाच्या सरकारात त्यांनी १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे कृषी खात्याचे मंत्री म्हणून काम केले.

भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रसार, १९५५ मध्ये स्थापन झालेला भारत कृषक समाज आणि डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत सुरू झालेले जागतिक कृषी प्रदर्शन ही त्यांची गाजलेली कामे. या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला त्यांचे नाव मिळाले.

आज हे का आठवायचे?

अकोट तालुक्यात उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी संत्रा आणि केळी, दक्षिणेला खारपाण पट्टा आणि सगळीकडे कापूस. भाव, कर्ज आणि मुलांचे शिक्षण हे इथल्या प्रत्येक निवडणुकीचे विषय. १९३० मध्येही तेच होते. फरक इतका, की तेव्हा ज्यांचा प्रश्न होता त्यांपैकी बहुतेकांना मत नव्हते. आज ते प्रत्येक प्रौढ नागरिकाला आहे.

पंजाबरावांचा १९३०चा निर्णय बरोबर होता की चूक, यावर मतभेद राहू शकतात. मिठासाठी तुरुंगात गेलेल्यांचे मोल त्याने कमी होत नाही. पण मर्यादित अधिकारांच्या खुर्चीवरही शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब नव्याने मांडता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की त्याला भाषणाऐवजी एवढेच विचारावे : मागच्या पदावर असताना विहीर, शाळा आणि कर्ज यांचे काय केले? १९३०च्या निवडणुकीत या प्रश्नाचे उत्तर पंजाबरावांकडे तयार होते.